समुद्र गेला, मोजपट्टी राहिली : जपानी मासळी कंपन्या आणि आपली राणी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं होतं तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे जपानी कंपन्या आणि त्यांच्यापुढची आव्हानं. आता हे म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? टोयोटा, कायझेन, शिस्त, वेळेवर येणारा सुटा भाग. व्यवस्थापनाच्या वर्गात हेच शिकवतात, आणि पुण्या-चाकणच्या कारखान्यांतल्या फलकांवरही हेच लिहिलेलं असतं. पण आपल्या किनाऱ्यावर बसून बघितलं, तर जपानी कंपन्यांची सगळ्यात जवळची गोष्ट गाड्यांची नाही, मासळीची आहे. आणि मला विचाराल तर जास्त शिकवणारीही तीच आहे. कारण गाड्यांवाल्यांना स्पर्धक भेटले, बाजार भेटले, मंदी भेटली. पण मासळीवाल्यांचा कच्चा माल जगाने कायदा करून एका वर्षात काढून घेतला. तुमच्या धंद्याचं मूळच असं गेलं तर तुम्ही काय कराल? त्या कंपन्यांनी काय केलं, आणि त्यातून रत्नागिरीपर्यंत धागा कसा आला, ते आज बघू.

राणीचं आडनाव

केळशीहून दक्षिणेला निघालं, आडे-आंजर्लं मागे टाकलं की हर्णै. तिथला लिलाव तुमच्यापैकी बहुतेकांनी बघितला असेल. पापलेट, सुरमई, कोळंबी यांच्याभोवती गर्दी. बाजूला कुठेतरी गुलाबी अंगाच्या, पिवळ्या रेघांच्या माशांचा ढीग असतो. तीच राणी. नाव राणीचं, पण ताटातला मान सुरमईच्या बराच खाली.

या राणीचं शास्त्रीय नाव आहे नेमिप्टेरस जापोनिकस. १७९१ मध्ये ब्लोख नावाच्या जर्मन अभ्यासकाने ते दिलं. जापोनिकस, म्हणजे जपानचा. खरं तर हा मासा तांबड्या समुद्रापासून पूर्वेकडच्या बेटांपर्यंत सगळीकडे सापडतो, एकट्या जपानचा तो मुळीच नाही. त्याच्या शेपटीच्या वरच्या टोकाला एक लांब दोरा असतो. जपानमध्ये याच कुळातल्या माशाला ‘इतोयोरी’ म्हणतात, त्या शब्दातही ‘इतो’ म्हणजे दोराच आहे.

दोनशे वर्षांपूर्वी नावात चिकटलेला हा जपान गेल्या तीस वर्षांत प्रत्यक्ष व्यवहारात आला. ते कसं झालं हे कळायला आधी जपानच्या तीन कंपन्यांची ओळख करून घ्यायला हवी.

ज्यांना सगळा समुद्र आपला वाटत होता

पहिली तायो. नाकाबे इकुजिरो नावाच्या मासळी व्यापाऱ्याने उभी केलेली, पुढे शिमोनोसेकी बंदरातून वाढलेली. दुसरी निप्पोन सुइसान, थोडक्यात निस्सुइ, तीही मूळची शिमोनोसेकीचीच, १९११ ची. तिसरी निचिरो. ‘निचि’ म्हणजे जपान आणि ‘रो’ म्हणजे रशिया. रशिया-जपान युद्धानंतर रशियाच्या किनाऱ्यालगत मासे पकडायचे हक्क जपानला मिळाले, त्यावर ही कंपनी मोठी झाली. म्हणजे बघा, परक्या पाण्यातली मासेमारी हा जिच्या नावाचाच भाग आहे, अशी कंपनी.

दुसऱ्या महायुद्धात हरल्यावर अमेरिकी प्रशासनाने जपानी बोटींना एक रेघ आखून दिली, तिच्या बाहेर जायचं नाही. ती रेघ १९५२ मध्ये उठली. त्यानंतर जपानच्या मत्स्यधोरणाचा मंत्र ठरला : किनाऱ्यावरून खोल पाण्यात, खोल पाण्यातून दूरच्या समुद्रात. देशाला प्रथिनं हवी होती, परकीय चलन हवं होतं, आणि कंपन्यांकडे जहाजं बांधायची हौस आणि बँकांचं पाठबळ दोन्ही होतं.

ही जहाजं कुठवर जात? तर मुंबईपर्यंत. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तायो कंपनीचं ‘तायो मारू १७’ हे ट्रॉलर मुंबई आणि सौराष्ट्राच्या पाण्यात मासेमारी करून गेलं. आपल्याकडे तेव्हा शिडाच्या होड्या होत्या, यांत्रिक बोटी नुकत्या कुठे येऊ घातल्या होत्या. आपल्या समुद्राच्या तळाशी काय आहे हे तपासायला जपानी कंपनीचं जहाज येऊन गेलं, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

तायोचा तोरा किती होता याची एक खूण सांगतो. १९५० पासून तिचा स्वतःचा व्यावसायिक बेसबॉल संघ होता आणि त्याचं नाव होतं ‘व्हेल्स’. देवमासे पकडणारी कंपनी, म्हणून संघही देवमाशांचा.

साखरेने केलेली क्रांती

आता मुख्य पात्र येतं. सुरिमी.

जपानमध्ये माशाचा लगदा उकडून किंवा भाजून केलेले पदार्थ शेकडो वर्षांपासून आहेत. नवीन वर्षाच्या जेवणात लाल-पांढऱ्या कामाबोकोच्या चकत्या लागतातच, जशी आपल्याकडे पाडव्याला श्रीखंड-पुरी. पण लगदा ताज्या माशाचाच लागायचा. मासा गोठवला की त्याचं मांस भुसभुशीत होतं, लगदा बांधला जात नाही. त्यामुळे हा धंदा बंदराजवळच्या छोट्या घरगुती कारखान्यांचा होता. आज मासा आला तर आज कामाबोको.

दुसरीकडे उत्तरेच्या थंड समुद्रात पोलॉक नावाचा मासा अमाप होता. त्याची अंडी जपान्यांना आवडायची, पण मांस इतकं नाजूक की गोठवलं की वाया. बराचसा मासा खाद्याच्या भुकटीत जायचा.

१९६० च्या सुमारास होक्काइदो बेटावरच्या सरकारी मत्स्यसंशोधन केंद्रातल्या मंडळींनी उपाय शोधला. मांस बारीक करा, थंड पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा, पिळून पाणी काढा, आणि गोठवण्याआधी त्यात साखर घाला. बस. साखरेमुळे माशाची प्रथिनं गोठताना मोडत नाहीत. महिनोन्‌महिन्यांनी तो ठोकळा वितळवला तरी ताज्यासारखा बांधला जातो.

ऐकायला साधं आहे, पण परिणाम बघा. मासा आता ‘मासा’ राहिला नाही, तो कच्चा माल झाला. गव्हाचं पीठ असतं तसा. दहा-दहा किलोचे पांढरे ठोकळे, वासही फारसा नाही, कोणत्या माशाचे ते बघून कळत नाही. कंपन्यांनी थेट जहाजांवरच सुरिमीचे कारखाने बसवले. पोलॉक पकडायचा, जहाजावरच धुवायचा, गोठवायचा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानची एकट्या पोलॉकची पकड वर्षाला ३० लाख टनांच्या आसपास गेली. लगद्याच्या पदार्थांचं उत्पादन १० लाख टनांच्या वर.

आणि यातला फार मोठा वाटा अलास्का आणि रशियाच्या किनाऱ्यासमोरच्या पाण्यातून येत होता. कागदावर तो खुला समुद्र होता, कोणाच्याच मालकीचा नसलेला. सगळा डोलारा या एका गृहीतकावर उभा होता.

१९७७ : एका वर्षात समुद्र गेला

१९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले. हजारो मैल जाणाऱ्या जहाजांना पहिला फटका तिथे बसला. दुसरा आला तो कायद्याचा.

किनाऱ्यापासून २०० सागरी मैल, म्हणजे साधारण ३७० किलोमीटरपर्यंतच्या समुद्रातली संपत्ती त्या-त्या देशाची, हा विचार दक्षिण अमेरिकेतल्या देशांनी आधीपासून लावून धरला होता. १९७६-७७ मध्ये तो एकदम जगभर पसरला. अमेरिका आणि सोव्हिएत संघ, दोघांच्याही २०० मैलांची अंमलबजावणी १ मार्च १९७७ ला सुरू झाली. आपल्या भारतानेही १९७६ मध्ये कायदा केला आणि १९७७ च्या जानेवारीपासून आपला २०० मैलांचा हक्क लागू झाला. म्हणजे आपल्या किनाऱ्याला जे मिळालं, तेच जपानी कंपन्यांनी गमावलं. एकाच नाण्याच्या या दोन बाजू.

जपानचे कृषिमंत्री झेन्को सुझुकी त्या वसंतात वाटाघाटींसाठी मॉस्कोला गेले. हे गृहस्थ स्वतः मच्छीमार कुटुंबातले, मत्स्यविद्या शिकलेले, पुढे पंतप्रधानही झाले. तरी त्यांच्या हाती काय लागलं? कोटा, आणि तोही घटत जाणारा. जहाजं मोडीत निघाली. नोकरी गेलेल्या मच्छीमारांसाठी जपानला त्याच वर्षी खास कायदा करावा लागला.

आता कंपनीच्या मोठ्या साहेबांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुमच्याकडे जहाजं आहेत, खलाशी आहेत. जपानी पद्धतीनुसार ते जन्मभराचे कर्मचारी, काढून टाकणं शोभत नाही. कारखाने आहेत, ग्राहक आहे. फक्त समुद्र नाही.

कोणी काय केलं

पहिली प्रतिक्रिया होती साठेबाजीची. मासा दुर्मिळ होणार, मग भरून ठेवा, भाव चढू द्या. काही व्यापाऱ्यांनी हे केलं. काझुनोको, म्हणजे हेरिंग माशाची अंडी, जपानमध्ये नववर्षाला लागतातच, असा सगळ्यांचा समज. भाव इतके चढवले की १९८० मध्ये गृहिणींनी घेणंच बंद केलं, आणि साठा करणारी एक मोठी व्यापारी कंपनी बुडाली. सणाचा पदार्थ म्हणून लोक वाट्टेल ते देतील, हा हिशोब ताटापाशी येऊन चुकला.

दुसरा मार्ग होता भागीदारीचा. अमेरिकेचं म्हणणं साधं होतं : आमच्या पाण्यातला मासा हवा ना, मग आमच्या मच्छीमारांकडून विकत घ्या, आमच्याकडे कारखाने काढा, आम्हाला शिकवा, त्या प्रमाणात कोटा देऊ. जपानी कंपन्यांपुढे पेच पडला. शिकवलं तर उद्याचा स्पर्धक आपणच तयार करणार. नाही शिकवलं तर आजच मासा बंद. त्यांनी शिकवलं. निस्सुइ आणि तायो यांनी अलास्काच्या डच हार्बरसारख्या ठिकाणी किनाऱ्यावरच्या कारखान्यांत पैसे घातले. १९८० चं दशक संपेपर्यंत अमेरिकेच्या पाण्यातला जपानी जहाजांचा स्वतःचा कोटा शून्यावर आला होता. मासा अमेरिकन बोटी पकडत होत्या, सुरिमी अमेरिकेत बनत होती, आणि ती घेणारा मुख्य ग्राहक होता जपान.

याला हार म्हणायचं की जीत? मला वाटतं, इथेच या गोष्टीचा गाभा आहे. जहाज हातातून गेलं, पण तीन गोष्टी हातात राहिल्या : बनवायची रीत, घेणारा बाजार आणि दर्जा ठरवायची मोजपट्टी. १९८५ नंतर येन महाग झाला, डॉलरला २४० च्या आसपास होता तो दोन-तीन वर्षांत १२० च्या घरात आला. तेव्हा तर मासा पकडण्यापेक्षा विकत घेणंच परवडू लागलं.

तिसरा मार्ग होता माशातून नवं काही काढण्याचा. नानाओ गावातली सुगियो नावाची कंपनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जेलीफिशची नक्कल करायच्या खटपटीत होती, कारण चीनहून येणारी जेलीफिश मिळेनाशी झाली होती. नक्कल फसली. पण जे तयार झालं त्याचे तंतू खेकड्याच्या मांसासारखे लागत होते. त्यातून खेकड्याच्या चवीची कांडी निघाली, आज जगभर ‘क्रॅब स्टिक’ म्हणून विकली जाते ती. खेकडा नावाला, आत सुरिमी. निस्सुइने वेगळी वाट धरली. तिने सार्डिनच्या, म्हणजे आपल्या तारलीच्या भाऊबंदाच्या तेलातून ईपीए नावाचं द्रव्य शुद्ध करायचं तंत्र बसवलं. त्यापासून केलेलं औषध १९९० मध्ये जपानच्या बाजारात आलं. मासेमारीची कंपनी औषधाचा कच्चा माल बनवू लागली.

आणि तायो? देवमाशांच्या शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आली. १९९३ मध्ये कंपनीने नाव बदलून ‘मारुहा’ केलं, आणि त्याच वर्षापासून बेसबॉल संघाच्या नावातला देवमासाही गेला. २००७ मध्ये मारुहा आणि निचिरो एकत्र झाल्या. एकेकाळी वेगवेगळे समुद्र वाटून घेणारे दोन प्रतिस्पर्धी एका छपराखाली आले.

धागा दक्षिणेला वळतो

चौथा मार्ग आपल्याकडे येतो. पोलॉक महाग झाला, तेव्हा शोध सुरू झाला की साखरेची ही युक्ती दुसऱ्या कोणत्या माशावर चालेल. मांस पांढरं हवं, चरबी कमी हवी, मासा भरपूर आणि स्वस्त हवा. उत्तर मिळालं इतोयोरीच्या कुळात. उष्ण समुद्रातल्या या माशाची प्रथिनं उष्णता जरा जास्त सोसतात, आणि लगदा छान घट्ट बांधला जातो. १९८० च्या दशकात थायलंडमध्ये इतोयोरीच्या सुरिमीचे कारखाने उभे राहिले. थायलंडच्या आखातातला मासा विरळ होऊ लागला, तशी नजर अजून पश्चिमेकडे वळली.

१९९० च्या दशकाच्या मध्यात रत्नागिरीत दीपक गद्रे यांच्या गद्रे मरीन एक्स्पोर्टने सुरिमी बनवायला सुरुवात केली. भारतातल्या अगदी पहिल्या सुरिमी कारखान्यांमध्ये तिची गणना होते. पुढे गुजरात आणि कर्नाटकच्या किनाऱ्यावरही हा उद्योग पसरला. राणी, ढोमा, चोर बोंबील अशा माशांना एक नवा गिऱ्हाईक मिळाला.

इथे जपानी कंपनीने काय केलं आणि काय केलं नाही, ते नीट बघा. जहाज आणलं नाही. १९५० च्या दशकात तायोचं ट्रॉलर आलं होतं तसं आता कोणी आलं नाही, येऊही शकत नव्हतं. १९९० च्या दशकात परदेशी भागीदारीतल्या खोल समुद्रातल्या मोठ्या जहाजांना भारत सरकार परवाने देऊ लागलं, तेव्हा १९९४ मध्ये देशभरच्या मच्छीमारांनी संप करून ते धोरण मागे ढकललं. समुद्र आपला, बोट आपली, कारखाना आपला, कामगार आपले.

मग जपानचं काय? मोजपट्टी. सुरिमीचा ठोकळा चांगला की वाईट हे कसं ठरतं, ऐका. त्याची नळी करून शिजवतात, तीन मिलिमीटरची चकती कापतात, तिची घडी घालतात, पुन्हा घडी घालतात. चार पदर होऊनही चीर पडली नाही तर ‘डबल ए’. एका घडीला मोडली तर भाव कोसळला. दुसऱ्या चाचणीत छोटी गोळी चकतीत दाबतात, किती जोर लागतो आणि फुटण्याआधी ती किती आत जाते, ते मोजतात. ही सगळी परीक्षा जपानमध्ये ठरली. जगात आज कोणीही कोणालाही सुरिमी विकली तरी भाषा हीच असते.

या परीक्षेचा धाक उलटा प्रवास करत थेट बोटीपर्यंत येतो. मासा उन्हात राहिला, बर्फ कमी पडला, बोट जास्त दिवस बाहेर राहिली, की चकती मोडते. म्हणून कारखाना बोटवाल्याला सांगतो, बर्फ वाढवा, राणी वेगळी ठेवा, लवकर आणा. तोक्योतल्या खरेदी अधिकाऱ्याला मिरकरवाड्याच्या तांडेलाचं नावही माहीत नसतं. तरी त्याच्या बोटीतला बर्फ किती असावा, हे काही अंशी तिकडून ठरतं. मालकी न घेता व्यवस्थापन करायचं, ते हे असं.

जिंकलेल्याची अडचण

मग जपानी कंपन्यांचं सगळं भलं झालं का? नाही. आजची त्यांची डोकेदुखी याच यशातून आली आहे.

रीत शिकवली की ती पसरते. अमेरिका शिकली, थायलंड शिकला, आपण शिकलो. मग क्रॅब स्टिक युरोपला आवडली, कोरियाला आवडली, चीनला आवडली. पूर्वी सुरिमी विकायची तर जपानलाच. आता विकणाऱ्यापुढे दहा गिऱ्हाईकं आहेत. या शतकाच्या सुरुवातीपासून जपानच्या मासळी व्यापारात एक शब्द ऐकू येऊ लागला, ‘काइमाके’. म्हणजे खरेदीत हरणं. लिलावात बोली लावायची आणि दुसऱ्याने जास्त देऊन माल न्यायचा. जो देश जगाचा मासा उचलत होता, त्याच्या वाट्याला हा शब्द आला.

आणि घरी? लोकसंख्या घटतेय, म्हातारी होतेय. तरुण मंडळी माशापेक्षा मांस जास्त खातात. कामाबोको-चिकुवासारख्या पदार्थांचं उत्पादन १९७० च्या दशकाच्या मानाने निम्म्यावर आलंय. जपानची एकूण मासळीची पकड १९८४ मध्ये १ कोटी २८ लाख टनांच्या आसपास होती, आता ४० लाख टनांच्याही खाली आहे. दर्जाची मोजपट्टी जपानची, पण ती लावून माल नेणारे दुसरेच. भाव वाढवावा तर घरचा ग्राहक सोडून जाईल, न वाढवावा तर माल मिळणार नाही. कितीतरी जपानी उद्योगांची आज हीच कोंडी आहे. दर्जा जगाला शिकवला, त्या दर्जाला जग पैसे द्यायला तयार झालं, आणि शिकवणारा मात्र जुन्याच भावात अडकून पडला.

मग आपलं काय?

आता आपल्या अंगणातलं बोलू. राणीला गिऱ्हाईक आलं हे चांगलंच झालं. पूर्वी ज्या माशाला कोणी विचारत नव्हतं, त्याला भाव आला. कारखान्यांत हजारो हातांना काम मिळालं, त्यात बायका मोठ्या संख्येने. रत्नागिरीतलं उत्पादन परदेशी जातं आणि त्याच सुरिमीच्या क्रॅब स्टिक मुंबई-पुण्याच्या दुकानांतही मिळतात. आपल्या माणसांनी रीत उचलली आणि स्वतःचं नाव लावून विकली, ही साधी गोष्ट नाही.

पण एक कळीचा मुद्दा आहे. सुरिमीत माशाचा चेहरा दिसत नाही. पापलेट लहान असेल तर गिऱ्हाईक नाक मुरडतं, भाव पडतो, त्यामुळे लहान पापलेट पकडण्यात थोडा तरी तोटा असतो. राणीचं तसं नाही. लगद्यासाठी मासा बोटभर असला तरी चालतो. म्हणजे जी युक्ती वाया जाणारा मासा वाचवते, तीच युक्ती अजून वाढायचा मासाही गिळू शकते. बाजाराकडून इथे कोणताही धोक्याचा इशारा येत नाही. चकती चार घड्यांना टिकली का, एवढंच चाचणी विचारते. राणीने एकदा तरी अंडी घातली होती का, हे ती विचारत नाही. ते विचारायचं काम आपलं.

नियम आहेत. जून-जुलैची पावसाळी बंदी आहे. जाळ्याचा आस किती असावा याचे नियम आहेत. २०२३ मध्ये राज्य सरकारने पन्नासहून जास्त जातींच्या माशांसाठी किमान आकारही ठरवून दिलेत. पण केळशी ते हर्णै, हर्णै ते मिरकरवाडा, कोणत्याही बंदरावर विचारा, नियम आणि जाळं यांच्यातलं अंतर किती आहे ते तुम्हाला कोणीही सांगेल. छोटा होडीवाला मोठ्या ट्रॉलरकडे बोट दाखवतो, ट्रॉलरवाला परराज्यातल्या बोटींकडे, आणि सगळे मिळून डिझेलच्या भावाकडे. प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरी मासा कमी होतोय तो सगळ्यांचाच.

जपानी कंपन्यांकडे १९७७ नंतर दुसरा समुद्र होता. अलास्का बंद झाला तर थायलंड, थायलंड विरळ झाला तर भारत. मोजपट्टी पिशवीत घालून खरेदीदार पुढच्या बंदरावर जाऊ शकतो. कारखान्यालाही बाहेरून मासा आणता येईल. पण ज्याची होडी केळशीच्या खाडीत बांधलेली आहे, त्याला दुसरीकडे कुठे जायचंय? आपला समुद्र कोणी कायदा करून काढून घेणार नाही, तो कायद्याने आपलाच आहे. तो संपला तर आतून संपेल, हळूहळू, आणि त्याची कोणती तारीखही सांगता येणार नाही.

म्हणून या गोष्टीतून काय घ्यायचं, तर माझ्या मते एवढंच. जपान्यांनी दर्जा मोजायला शिकवलं, ते आपण शिकलो आणि उत्तम शिकलो. आता त्याच काटेकोरपणे दुसरी एक गोष्ट मोजायला हवी : बंदरावर येणाऱ्या राणीचा आकार वर्षागणिक किती राहिला. त्यासाठी तोक्योची परवानगी लागत नाही, यंत्र लागत नाही. एक पट्टी, एक वही, आणि रोज लिहिणारा एक माणूस पुरे. मच्छीमार सोसायट्यांनी मनावर घेतलं तर पाच वर्षांत अशी माहिती हातात येईल, जिच्यापुढे कारखानदाराला, सरकारला आणि खरेदीदारालाही ऐकावं लागेल. ज्याच्याकडे मोजपट्टी असते त्याचं ऐकलं जातं, हे तर आपण आत्ताच बघितलं.

तर मंडळी, आजच्यासाठी इतकंच. तुमच्या घरात, वाडीत कोणी जुने तांडेल, खलाशी असतील तर त्यांना एक प्रश्न नक्की विचारा : पंचवीस-तीस वर्षांपूर्वी राणी केवढी यायची, आणि तिचं तेव्हा काय करायचे? उत्तरं आम्हाला पाठवा, हातात धरून दाखवलेलं माप असलं तरी चालेल. चांगली उत्तरं पुढच्या भागात वाचून दाखवू. तोवर भेटत राहू, ऐकत राहा.